ड्रॉइंगच्या मरसकोल्हेबाई

आमच्या शाळेच्या ऑफिसबाहेर शिक्षकांच्या नावांचा एक लांबट काळा फळा होता. दर जूनमध्ये पेंटर यायचा, बदलून गेलेल्यांची नावं पुसायचा आणि नव्यांची पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहायचा. त्या वर्षी सगळ्यात खालची ओळ होती, 'कु. गिरजा कोल्हे, चित्रकला'. पहिल्याच आठवड्यात मधल्या सुट्टीत मी बाहेर आले तर एक सावळ्या, उंच बाई स्टुलावर चढलेल्या. पदर कमरेला खोचलेला, हातात ब्रश. 'कोल्हे'च्या आधी काही लिहायला जागा उरली नव्हती, म्हणून त्यांनी रॉकेलच्या बोळ्यानं सगळं आडनाव पुसलं होतं आणि आता त्या शांतपणे 'मरसकोल्हे' लिहीत होत्या. पोरं खाली गोळा झाली होती.

गलका ऐकून हेडमास्तर आले. माणूस सरळ होता, कुणाचं वाईट चिंतणारा नव्हता. म्हणाले, "अहो बाई, कोल्हेच राहू द्यायचं होतं. सुटसुटीत आहे. मुलांनाही म्हणायला सोपं." मग जरा आवाज उतरवून, "आणि तुमच्याही सोयीचं."

बाई स्टुलावरूनच म्हणाल्या, "सर, माह्या बापाचं आडनाव मरसकोल्हे. कोल्हे कोन हायेत ते मले मालूम बी नाई. उगाच कायले त्याइच्या घरात घुसू?"

पोरं हसली. हेडमास्तरही हसले आणि आत गेले. बाईंनी शेवटची मात्रा ओढली, स्टुलावरून उतरल्या, दोन पावलं मागं सरून अक्षर पाहिलं आणि मला म्हणाल्या, "तुमी मराठीच्या ना? ऱ्हस्व-दीर्घ पाहून घ्या एकदा." चूक असण्यासारखं त्यात काही नव्हतं. पण विचारायची त्यांची रीत होती. आमची ओळख झाली ती अशी. मी तेव्हा आंजीहून वर्ध्याला एस्टीनं ये-जा करायची. त्या माझ्याहून आठ-दहा वर्षांनी मोठ्या. दिवाळीपर्यंत 'तुमी'चं 'तू' झालं.

बाई गोंड समाजाच्या. आर्वीकडच्या एका लहानशा गावातल्या. आई घराच्या भिंती सारवून त्यावर पांढऱ्या मातीनं झाडं, मोर, घोडे काढायची, आणि लग्नसराईत आजूबाजूच्या गावांतून तिला बोलावणं यायचं. तिची ही पोरगी वसतिगृहात राहून मॅट्रिक झाली, नागपूरला जाऊन ड्रॉइंगची शिक्षिका होण्याचा कोर्स केला आणि वर्ध्याला नोकरीला लागली. एवढंच मला ठाऊक. आपल्याविषयी त्या याहून जास्त सांगत नसत. लग्न केलं नव्हतं. कुणी विचारलंच तर "राहून गेलं बाप्पा" म्हणून मोकळ्या व्हायच्या.

त्यांच्या आधी आमच्या शाळेत ड्रॉइंगचा तास म्हणजे गणिताचा जादा तास. बाईंनी पहिल्या महिन्यातच गणिताच्या सरांना दारातून परत पाठवलं. "तुमचा तास उरला असंन तर मले द्या. मी घेईन. पन माह्या तासाले हात लावू नका." वर्गात शिरताना पोरांनी आपापली खोडरबरं दाराजवळच्या डब्यात टाकायची आणि जाताना उचलून घ्यायची. "चुकलं तं चुकलं. आता त्या रेघेतून वाट काढ." पोरं रडकुंडीला यायची. पण दिवाळीनंतर त्यांच्या वह्या पाहिल्या तर रेघ कशी धीट झालेली.

निसर्गचित्र काढा म्हटलं की सगळा वर्ग तेच काढायचा. दोन डोंगर, मधून उगवणारा सूर्य, नदी, होडी आणि काठावर नारळाचं झाड. बाई एकेक चित्र उचलून विचारायच्या, "वर्ध्यात नारळ कुठी पाह्यला रे? मले बी दाखव." मग वर्ग उठवून मैदानात न्यायच्या. निंबाखाली बसवायच्या. "हे काढा. हे तुह्यं हाय. ते पुस्तकाचं होतं."

रविवारी त्यांचा दुसरा वर्ग भरायचा. गावात आदिवासी मुलांचं एक वसतिगृह होतं आणि मुलींचं एक. तिथली चित्रकलेची आवड असलेली पोरं आमच्या शाळेच्या सायकल स्टँडमध्ये जमायची. वर पत्रा, खाली फरशी. बाई त्यांची इंटरमिजिएट परीक्षेची तयारी करून घ्यायच्या, कारण पुढं चित्रकलेच्या कोर्सला जायचं तर ती परीक्षा लागायची. पण तेवढंच नव्हतं. या पोरांनी पुढं ड्रॉइंग मास्तर व्हावं, चित्रकार व्हावं, प्रदर्शन भरवणारं व्हावं, चित्रं निवडणारं व्हावं, असं सगळं त्यांच्या डोक्यात होतं. तेव्हा असं काही बोलणारं माणूस आमच्याकडं दुसरं नव्हतं. आदिवासी पोरगा मास्तर झाला तरी लोकांना नवल वाटायचं. चित्रं निवडणारा होईल, हे आमच्या मनाला शिवत नव्हतं.

या वर्गातली दोन पोरं मला नीट आठवतात. बिसन टेकाम समुद्रपूर तालुक्यातला, अबोल, जनावरं काढण्यात त्याचा हात धरणारं कुणी नव्हतं. आणि सुशीला कुळसंगे, बाईंच्याच मुलखातली, बारीक चणीची, बोलायला फटकळ.

बाईंची एक सवय होती. कुणी पाहुणा रविवारी वर्ग पाहायला आला आणि एखाद्या चित्राबद्दल विचारू लागला, की बाई म्हणायच्या, "ज्यानं काढलं त्याले इचारा." आणि सरळ उठून व्हरांड्यातल्या माठाकडं पाणी प्यायला निघून जायच्या. एकदा नागपूरचे एक गृहस्थ आले होते. बिसनचा बैल त्यांना फार आवडला. विचारलं, "हे शिंग असं का वळवलंय?" बिसन खाली मान घालून उभा. बाई माठापाशी. मी त्यांच्या मागं गेले, म्हटलं, "अहो, पोरगं घाबरलंय. चला ना आत."

"घाबरू दे," त्या म्हणाल्या. "मी बोलली तं तो जल्मभर बोलनार नाई." आणि दुसरा गिलास भरून घेतला. मग आतून बिसनचा आवाज आला, अडखळत, "ते... तो बैल मान झाडून राह्यला जी. माशी बसली त्याच्या कानावर." बाईंनी गिलास उपडा ठेवला.

सुशीला मॅट्रिक झाली तेव्हा तिच्या बापानं तिला ड्रॉइंगच्या कोर्सला न पाठवता घरी बोलावून घेतलं. बाई मला म्हणाल्या, "चाल, जाऊन येऊ." एस्टीनं आर्वी, तिथून पुढं दुसरी गाडी, मग पायी. सुशीलाचे वडील अंगणात बसले होते. आदबीनं उठले, बाज टाकली. बोलणं निघालं तसं म्हणाले, "बाई, तुमी शिकवलं, उपकार झाले. पन चित्रं काढून पोट भरते काय?"

"माह्यं भरते ना," बाई म्हणाल्या. "पाहाचं हाय काय? वाढा जेवाले."

सुशीलाच्या आईनं भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. बाईंनी भरपूर खाल्लं, वर पुन्हा भाकरी मागून घेतली. जेवण होईपर्यंत कोर्सचं नाव काढलं नाही. घरच्या शेळ्यांबद्दल बोलल्या, भिंतीवरच्या चित्रांबद्दल सुशीलाच्या आईला विचारत बसल्या. ही माती कुठून आणता, घोड्याची आयाळ बोटानं ओढता का काडीनं. हात धुताना वडिलांना म्हणाल्या, "पोरीचा हात तिच्या मायचा हाय. मी तं फक्त परीक्षेचं पाह्यलं. हा हात घरात ठेवला तं या भिंतीवर राहीन. बाहेर गेला तं लोकं पाहतीन. तुमी ठरवा." आणि खरंच त्या उत्तरासाठी थांबल्या नाहीत. पुढल्या आठवड्यात वडील स्वतः सुशीलाला घेऊन वसतिगृहावर आले.

आणीबाणी उठली, त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. गावातल्या काही प्रतिष्ठित मंडळींनी मोठं चित्रप्रदर्शन भरवायचं ठरवलं. नागपूर-अमरावतीचे चित्रकार येणार होते. त्यात आदिवासी चित्रांसाठी एक दालन ठेवायचं ठरलं आणि बाईंना समितीच्या बैठकीचं बोलावणं आलं. पोरांमध्ये आनंदीआनंद. बिसन महिनाभर एका बैलाच्याच चित्रावर बसला होता.

बैठकीला जाताना बाई मला म्हणाल्या, "कुंदा, तू सोबत चाल. मले राग आला तं चिमटा काढजो."

अध्यक्ष मोठे अगत्यशील होते. चहा झाला. म्हणाले, "बाई, तुमची मुलं दालनात खाली बसून चित्रं काढतील. पाहुण्यांना पाहायला मिळेल. त्यांचा तो पारंपरिक पोशाख असला तर उत्तम. ढोल मिळाला तर फारच छान."

बाई म्हणाल्या, "नागपूरचे चित्रकार काय घालून येनार हायेत?"

"म्हणजे?"

"त्याइले बी तुमी कपडे सांगतले असंन ना. म्हनून इचारलं."

"अहो, ते कलाकार आहेत."

आपण काय बोललो ते अध्यक्षांच्याही ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी घाईघाईनं चित्रं पाहायला मागितली. सुशीलाचं चित्र पुढं आलं. वर्ध्याचा एस्टी स्टँड, खाली गाठोडी घेऊन बसलेल्या बाया, मागं लाल गाडी, आणि गाडीच्या टपावर तिच्या आईच्या भिंतीवरचे ते घोडे उभे. दुसरे एक सदस्य म्हणाले, "हे यात बसणार नाही. यात बस आहे. हे आदिवासी चित्र नव्हे."

"ते पोरगी येष्टीनंच येते जी," बाई म्हणाल्या. "घोड्यावर बसून नाई येत."

मग बाईंनी दोन गोष्टी मागितल्या. प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचं पूर्ण नाव. आणि चित्रं निवडताना त्यांच्या पोरांपैकी एक जण समितीत. नावांचं कबूल झालं. समितीत घ्यायला मात्र मंडळी तयार होईनात. अध्यक्ष म्हणाले, "हवं तर तुम्ही या बाई. तुम्ही शिकलेल्या आहात."

"मी नाई. मी तं मास्तरीण हाव. ज्याइचे चित्रं त्याइच्यातलं कोनी बसन."

"ते जमणार नाही."

बाई उठल्या. चित्रांची गुंडाळी काखेत घेतली. चिमटा काढायची वेळ केव्हाच होऊन गेली होती आणि माझा हात काही हलला नव्हता.

शाळेत परत आलो तर सायकल स्टँडमध्ये पोरं वाट पाहत बसलेली, कोर्सच्या सुट्टीत आलेली सुशीलाही. बाईंनी जे झालं ते जसंच्या तसं सांगितलं. बिसन उठला. त्याचा आवाज इतका चढलेला मी तेव्हाच ऐकला. "बाई, नाव लिहू म्हने ना ते? मंग आनखी काय पायजे होतं तुमाले? मी बसलो असतो खाली. धोतर घालून बसलो असतो. लोकाइनं माह्यं चित्र तं पाह्यलं असतं. तुमचा हट्ट झाला, अन् नुकसान आमचं."

बाईंनी काखेतली गुंडाळी खाली ठेवली. म्हणाल्या, "हो. नुकसान तुमचं झालं. खरं हाय."

त्यांनी समजूत घातली नाही. बिसन चित्र तिथंच टाकून गेला. पुढच्या रविवारी आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. त्यानं हिंगणघाटला दुकानांच्या पाट्या रंगवायचं काम धरलं.

गावातलं प्रदर्शन थाटात पार पडलं. आमच्या पोरांचं एकही चित्र त्यात नव्हतं. त्यानंतर बाईंनी आपलं प्रदर्शन भरवलं. समुद्रपूरला, बाजाराच्या दिवशी, एका शाळेच्या व्हरांड्यात. सुतळ्या बांधून चित्रं लटकवली. खाली नावं. बाजाराला आलेली माणसं पिशव्या हातात धरून आत वळायची. कापूस विकायला आलेले शेतकरी, बसचा कंडक्टर, बांगड्या विकणारी बाई. चित्रांपाशी ज्याची त्याची पोरं उभी. सुशीलाच्या एस्टी स्टँडपुढं तो कंडक्टर बराच वेळ थांबला. म्हणाला, "गाडीचा नंबर लिहाचा राह्यला बाई." सुशीलानं तिथल्या तिथं ब्रश काढला आणि त्याच्याच गाडीचा नंबर लिहून टाकला.

बिसनचं चित्रही बाईंनी लावलं होतं. दुपारी त्याची आई आली. कुणीतरी तिला गावात सांगितलं असावं. "आमच्या बिसनचं कोन्तं?" तिनं विचारलं. बाई तिला हाताला धरून घेऊन गेल्या. ती माउली त्या बैलापुढं उभी राहिली, पुढून पाहिलं, वाकून पाहिलं. मग म्हणाली, "हा आमचा बैल नोय. हा तं मारोतरावचा बैल हाय. लय मारका होता." आणि तोंडाला पदर लावून हसू लागली. बाईही हसल्या. पण ती गेल्यावर बाई व्हरांड्याच्या पायरीवर जाऊन बसल्या, त्या बाजार उठेपर्यंत.

बिसन पुन्हा चित्रांकडं वळला नाही. हिंगणघाटला गेलो की बाई पाट्या बघत चालायच्या. एखादीपाशी थांबायच्या. "हे त्याचं अक्षर हाय. चांगलं हाय," एवढंच म्हणून पुढं निघायच्या. त्या दिवशी आपण केलं ते बरोबर केलं असं त्यांनी मला कधी सांगितलं नाही. चुकीचं केलं असंही नाही.

सुशीला कोर्स करून आली आणि सेलूकडच्या एका शाळेत ड्रॉइंग शिकवू लागली. काही वर्षांनी त्या प्रदर्शन समितीत नवी माणसं आली. जुन्या अध्यक्षांच्या जागी एक तरुण प्राध्यापक होते. ते स्वतः शाळेत येऊन बाईंना म्हणाले, "बाई, निवड समितीत तुमच्या मुलांपैकी कुणी येईल का?" बाईंनी क्षणाचाही विचार न करता सुशीलाचं नाव सांगितलं. मग हळूच मला म्हणाल्या, "या बारीला मी बी एक चित्र टाकीन."

इतक्या वर्षांत त्यांनी स्वतःचं चित्र कुठं दिलं नव्हतं. वेळच नसायचा. आता त्या शाळा सुटल्यावर थांबून काढू लागल्या. धाम नदीत डुंबणाऱ्या म्हशी. मला तर ते चित्र सुंदरच वाटलं.

निकालाच्या दिवशी मधल्या सुट्टीत सुशीला स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहिली. आत आली नाही. चेहरा उतरलेला.

"बाई, तुमचं चित्र नाई घेतलं."

बाईंचा डबा उघडा होता. "कोनं नाई घेतलं?"

"म्या."

"काऊन?"

"बाकीचे घ्या म्हनत होते. तुमचं नाव पाहून. पन ते चित्र घाईचं हाय बाई. म्हशी चांगल्या हायेत. पानी नाई झालं. तुमी पानी उरकून टाकलं." दाराची चौकट धरूनच तिनं हे सगळं सांगितलं.

स्टाफरूममधले आम्ही सगळे आपापल्या डब्यांत पाहू लागलो. बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "बरं," म्हणाल्या. "तू जा. तुह्या शाळेची गाडी चुकन."

त्या दिवशी त्यांनी तास घेतले, पण वर्गातून आवाज ऐकू आला नाही. दुसऱ्या दिवशी तसंच. मी विषय काढला नाही. तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर सोबत चालता चालता स्वतःच म्हणाल्या, "मले राग आला, कुंदा. लय राग आला. या पोरीले मी ब्रश धराले शिकवलं."

"मग?"

"मंग काय? घरी जाऊन चित्र पाह्यलं. पाह्यलंच नव्हतं म्या काढल्यापासून." थोडं चालून झाल्यावर, "पानी खरंच नाई झालं." आणि मग त्यांना हसू फुटलं. रस्त्यात थांबून, छत्रीवर भार देऊन त्या हसल्या. "बाकीचे घ्या म्हनत होते म्हने. अन् ते एकटी नाई म्हनून बसली. मास्तरणीचं चित्र! एवढी छाती कुठून आली वं तिले?"

कुठून आली हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. त्या वर्षी प्रदर्शन उघडलं तेव्हा बाई एकेका चित्रापुढं सावकाश फिरल्या, आणि सुशीला पाहुण्यांना माहिती देत होती तिथं, त्यांच्या मागं उभं राहून त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

बाईंना मी शेवटचं पाहिलं ते ऐंशीच्या दशकाच्या शेवटी, वर्धा स्टेशनवर. त्या निवृत्त होऊन गावी राहायला गेल्या होत्या. भोपाळला एक मोठं प्रदर्शन होतं आणि सुशीला आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन निघाली होती. विद्यार्थी बहुतेक गोंड आणि कोलाम, आर्वी-समुद्रपूरकडचे. निवड तिनंच केली होती, पत्रव्यवहारही तिचाच. बाई त्यांना पोचवायला मुद्दाम आल्या होत्या. मीही गेले होते. बाई थकल्या होत्या, केस पार पिकले होते. सवयीनं पोरांजवळ गेल्या, "चित्रं वर ठेवा रे, खाली कोनी पाय देईन," असं काही सांगू लागल्या. सुशीलानं त्यांना दंडाला धरून बाकावर आणून बसवलं. "तुमी बसा बाई. मी पाहीन." आणि चहा आणून हातात दिला. बाई बसल्या. चहा घेत त्या गर्दीकडं पाहत राहिल्या.

गाडी आली. पोरं चढली, गुंडाळ्या आत गेल्या. सुशीला सगळ्यात शेवटी चढली आणि आत जाऊन खिडकीपाशी बसली. बाकावर बाईंच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ होते. त्या सगळ्या धावपळीकडं कौतुकानं पाहत त्यांनी विचारलं, "बाई, तुमचे विद्यार्थी हायेत काय हे?"

"नाई जी," बाई म्हणाल्या. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि डब्याकडं हात केला. "सुशीलाबाईंचे हायेत. त्या बसल्या ना खिडकीत, त्या."